मुद्दाम चुकणारे सर

कॉलेजात कुठलीही कंपनी येणार नसली, की आमचे प्लेसमेंटचे सर टाय लावून यायचे. आणि खरोखर कंपनी यायची त्या दिवशी चुरगळलेला बुशशर्ट आणि पायांत चपला. प्रिन्सिपलनी एकदा यावरून टोकलं, तर म्हणाले, "कंपनीवाले माझ्याकडेच बघत बसले तर पोरांकडे कोण बघणार? माझ्याशेजारी उभं केलं की आपलं सगळ्यात गबाळं पोरगंही जावयासारखं दिसतं." प्रिन्सिपलना उत्तर सुचलं नाही. सरांच्या बोलण्यावर बहुतेकांना उत्तर सुचत नसे, आणि आमची पंचाईत तिथेच होती, कारण उत्तर दिलं नाही की सर नापास करायचे.

कॉलेज भोपाळच्या होशंगाबाद रोडवर, मिसरोद मागे टाकून थोडं पुढे. सरांची खोली जनरेटरच्या शेजारी. वीज गेली की मुलाखतीची तालीम ओरडून द्यावी लागायची. सर म्हणायचे, "चांगलं आहे, कारखान्यात असंच बोलावं लागतं." सर मूळचे नागपूरचे, पण जन्म सगळा बरखेड्याच्या कॉलनीत गेलेला. तिथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात नोकरभरतीच्या पॅनेलवर बसून त्यांनी आयुष्यभर माणसं नाकारली होती. रिटायर झाल्यावर हे काम का घेतलं असं कोणी विचारलं, की हात जोडून म्हणायचे, "प्रायश्चित्त."

त्यांच्या टेबलासमोर पोरांसाठी एक खुर्ची होती. तिचा एक पाय आखूड होता, आणि तो त्यांनी स्वतः घरून करवत आणून कापला होता. पोरं यायची, बसायची, डगमगायची आणि सरांचं लक्ष जाऊ नये म्हणून मांड्या आवळून तोल सांभाळत स्वतःची ओळख करून द्यायची. सर शांतपणे बघत राहायचे. जुन्या भोपाळमधला एक मुलगा बसला आणि लगेच उठून भोपाळी थाटात म्हणाला, "को खां सर, ये कुर्सी तो लंगड़ी है, दूसरी मंगवाओ." सरांनी त्याला मिठीच मारली. पुढे आम्हाला ऐकवायचे, "हा मुलगा कुठेही जाईल, उपाशी मरणार नाही."

याच धर्तीवर त्यांनी एकदा चहात मीठ टाकून पाहिलं. कोण तक्रार करतं आणि कोण निमूटपणे पितं, ते बघायचं होतं. पण हे शहर भोपाळ. इथे मिठाचा चहा लोक हौसेने पितात. जुन्या शहरातल्या पोरांनी कप रिकामे केले, "सर, एक और" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मित्रांनाही घेऊन आली. सरांनी तो प्रयोग गुंडाळला.

पण त्यांचा मुख्य खेळ वेगळा होता. सर मुद्दाम चुकीचं बोलायचे. प्रत्येक तालमीत, प्रत्येक गप्पांत ते एक धडधडीत चूक पेरायचे आणि समोरचा मान डोलावतो की पकडतो ते बघायचे. पकडलं तर मोठ्याने म्हणायचं, "पकड़ लिया, सर!" मनातल्या मनात पकडलेलं चालायचं नाही. न पकडणाऱ्याला ते मराठी येवो न येवो, मराठीतच म्हणायचे, "नंदीबैल!" आमच्या कॉलेजातल्या बिहारच्या आणि सागरच्या पोरांना मराठीतला हा एकच शब्द यायचा, आणि तो ती एकमेकांना सढळ हाताने द्यायची.

माझी पहिली भेट अशीच झाली. आडनाव ऐकून सरांनी विचारलं, "मूळ गाव कोणतं?" म्हटलं, अकोला. सर खूश झाले. "वा, वा. अकोला म्हणजे संत्र्यांचं गाव!" मी हसून मान डोलावली.

"नंदीबैल!" सर गरजले. "अकोल्याची पोरगी, आणि संत्र्यांना मान डोलावून राहिली! अगं, संत्री आमची. तुमचा कापूस."

मी काय करणार? अकोल्यात मी उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा दिवस काकांकडे जायची, तेवढीच. माझा जन्म बरखेड्यातला, शाळा बरखेड्यातली, मैत्रिणी सगळ्या भोपाळच्या. घरात आम्ही मराठी बोलायचो आणि दार उघडून बाहेर पडलं की मी हिंदीत भांडायची. अकोला हे माझं गाव आहे, ही गोष्ट मला फक्त फॉर्म भरताना आठवायची.

खेळाला वेळ-काळ नव्हता. सर बसमध्ये खेळायचे, कँटीनमध्ये खेळायचे. एका माजी विद्यार्थ्याच्या लग्नात ते स्टेजवर आहेर द्यायला चढले आणि नवरदेवाचा हात हातात घेऊन गंभीरपणे म्हणाले, "आज मंगलवार, बड़ा शुभ दिन है." व्हिडिओवाला समोर, सासरची मंडळी रांगेत. नवरदेव फेटा सावरत ओरडला, "पकड़ लिया, सर! इतवार है!" नवरीने त्याच्याकडे असं पाहिलं, की संसाराची सुरुवातच खुलाशाने झाली असणार.

या खेळाचा सरांना एक मोठा फायदा होता, आणि तो आमच्या लक्षात यायला वेळ लागला. ते खरोखर चुकले तरी चुकायचे नाहीत. वार्षिक समारंभात ते कॉलेजच्या चेअरमनचं नावच विसरले आणि भलतंच नाव घेऊन त्यांचे आभार मानून खाली बसले. आम्ही नंतर चिडवलं, तर म्हणाले, "बघत होतो, कोण पकडतं. सगळे नंदीबैल." हेल्मेट कँटीनमध्ये विसरलं, तरी तेच. शहराला लागूनच असलेल्या मंडीदीपला जायच्या ऐवजी न्यू मार्केटच्या बसमध्ये चढले, तरी तेच. त्यांच्या पत्नीने मला एकदा सांगितलं, "चाळीस वर्षांच्या संसारात हे एकदाही चुकले नाहीत बघ. नुसतं बघत असतात."

कंपन्यांनाही सर सोडायचे नाहीत. इतर कॉलेजांत कंपनीवाले आले की हारतुरे, काजूकतली. सर त्यांना आधी आपल्या खोलीत बसवून त्यांचीच मुलाखत घ्यायचे. पोरं राहणार कुठे? मेसमध्ये जेवण कसं असतं? ताप आला तर डॉक्टरकडे कोण नेणार? एका विक्रीच्या कंपनीचा तरणाबांड एचआरवाला आला होता. सरांनी त्याला विचारलं, "आप खुद वहाँ खुश हो?" तो आधी हो म्हणाला, मग नाही म्हणाला, मग त्याचे डोळे भरून आले. सरांनी त्याचा बायोडेटा मागवून घेतला, त्यात सुधारणा केल्या, पिथमपूरला एका ओळखीच्या माणसाला फोन केला. कंपनी आमची पोरं न्यायला आली होती, आणि सरांनी कंपनीचाच माणूस दुसरीकडे चिकटवून दिला. मॅनेजमेंटने यावर सरांना बोलावून घेतलं. सर म्हणाले, "प्लेसमेंट तर झालीच ना एक."

तर अशा सरांच्या हाताखाली मी तयार होत होते, आणि माझी घाई इतरांपेक्षा जास्त होती. बाबा सरांच्याच त्या सरकारी कारखान्यात स्टोअर्समध्ये होते आणि रिटायर होणार होते. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं. बाबांनी अकोल्याला काकांच्या शेजारी दोन खोल्या बांधून ठेवल्या होत्या. माझ्याबद्दल त्यांनी एकच अट घातली होती. क्वार्टर सोडायच्या आत भोपाळमध्ये नोकरी लागली, तर मिसरोदला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहा. नाही लागली, तर आमच्याबरोबर अकोल्याला चल. तिकडे मामाने दोन स्थळं हेरून ठेवली होती. त्यातल्या एकाचा फोटो आईने फ्रीजवरच्या टोपलीत कांद्याखाली ठेवला होता, म्हणजे मला दिसेल पण दाखवला असं होणार नाही.

मी सरांना हे सगळं सांगितलं होतं. सर म्हणाले होते, "अकोला छान गाव आहे. समुद्र किती जवळ!"

"पकड़ लिया, सर," मी म्हटलं. पण मला हसू आलं नाही. सरांनाही ते दिसलं. "बरं, बरं," ते म्हणाले, "मंडीदीपवाले येताहेत. पंपाचा कारखाना आहे, काम चांगलं आहे. तुझं तिथे होऊन जाईल."

मंडीदीपवाले आले. त्यांचे जीएम साहेब सरांचे जुने ओळखीचे निघाले. सकाळी दोघं सरांच्या खोलीत चहा पीत बसले होते आणि सर काहीतरी कानात सांगत होते, त्यावर जीएम टाळी देऊन हसत होते. हे मी दारातून पाहिलं. इथेच सगळा घोळ झाला. मला वाटलं, सरांनी त्यांना खेळ समजावून सांगितला.

लेखी परीक्षा झाली. त्यात माझा नंबर वर होता. मग मुलाखत. समोर जीएम, बाजूला एचआरच्या मॅडम, टेबलावर बिस्किटं. नाव, गाव, प्रोजेक्ट सगळं झकास चाललं होतं. जीएमनी विचारलं, "मान लो, पंप की मोटर उल्टी घूम रही है. क्या करोगी?" मी तोंड उघडायच्या आत त्यांनी उत्तरही स्वतःच देऊन टाकलं, "तीनों तार आपस में बदल दो, सीधी हो जाएगी. सिंपल. है ना?"

आता इलेक्ट्रिकलच्या पोरांना पहिल्यांदा जे शिकवतात त्यातलं हे एक आहे. त्या मोटरला तीन तारा असतात. त्यातल्या कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की मोटर उलट दिशेने फिरते. तिन्ही फिरवून लावल्या, तर ती पुन्हा होती तशीच फिरते. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीवरून अर्धी उठलेच.

"पकड़ लिया, सर!"

मॅडमनी बिस्किट तोंडाजवळ धरलं ते तिथेच राहिलं.

"क्या पकड़ लिया?" जीएमनी विचारलं.

"वही, जो आपने जान-बूझकर गलत बोला," मी त्यांना आपलं माणूस समजून म्हटलं. "तीनों नहीं सर, दो तार. सर ने ही बोला होगा ना आपको, कि एक गलत बात डाल देना?"

जीएम माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मैंने कुछ डाला नहीं, बेटा."

एवढ्यावर निभावलं असतं. पण मॅडमना हसू फुटलं. त्यांनी ते खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला, तर बिस्किट घशात गेलं, मग खराच खोकला आला आणि मलाच उठून त्यांना पाणी द्यावं लागलं. जीएमचे कान लाल झाले होते. माझी नोकरी त्या हसण्यात गेली, असं माझं अजूनही मत आहे. चूक दाखवलेली त्यांनी कदाचित गिळली असती, पण हाताखालच्या बाईने हसलेलं गिळवलं नाही.

संध्याकाळी यादी लागली. आमच्या ब्रँचचे दोघे घेतले. दोघांनाही माझ्या आधी तोच प्रश्न विचारला होता, आणि दोघांनीही "यस सर, तीनों तार" म्हणून मान डोलावली होती. त्यांना उत्तर माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी नोकरी घ्यायचं ठरवलं होतं. मी त्यांच्यावर चिडले नाही. एकाच्या लग्नात तर मी वरातीत नाचलेसुद्धा.

सरांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते आधी पोट धरून हसले. टेबलावर हात आपटत म्हणाले, "बिस्किट घशात गेलं? खरंच?" मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्यांचं हसू बंद झालं.

"अकोला?" त्यांनी विचारलं.

"अकोला," मी म्हटलं.

मी थांबले, म्हटलं आता म्हणतील, बघत होतो. ते म्हणाले नाहीत. मला त्याचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कुजबुज चालली होती, की सरांनी सुतार बोलावलाय. मी खोलीत डोकावले. सुतार खुर्चीला नवीन पाय बसवत होता आणि सर टायशिवाय, कंपनीही नसताना, खिडकीपाशी उभे होते. त्या आठवड्यात त्यांनी कोणालाही काहीही चुकीचं सांगितलं नाही. पोरं बावचळून गेली. सर म्हणाले, "आज सोमवार आहे," तरी पोरं मोबाईल काढून बघायची.

रविवारी दुपारी आमच्या क्वार्टरखाली त्यांची स्कूटर वाजली. घरात सामानसुमान बांधणं चाललं होतं. पुढच्या खोलीत खोकी, गाद्यांची वळकटी, भिंतीवर फोटो काढल्याचे चौकोन. आईने घाईने खुर्चीवरची भांडी उचलली. बाबा बनियनवर शर्ट घालत बाहेर आले. ते आणि सर एकाच कारखान्यात जन्मभर होते, पण सर ऑफिसर आणि बाबा स्टोअर्समध्ये. ते बोलले असतील तर फक्त "नमस्ते साहेब" एवढंच. आताही बाबा बसले नाहीत. साहेब बसल्याशिवाय ते बसत नसत, आणि सर बसत नव्हते.

"माफी मागायला आलोय," सर उभ्या उभ्याच म्हणाले. "पोरीची नोकरी माझ्यामुळे गेली. चूक माझी आहे."

मी आईकडे पाहिलं. तिला यातलं काय विशेष, ते कळणं शक्य नव्हतं. पण मी सरांच्या तोंडून हे शब्द पहिल्यांदाच ऐकत होते, आणि त्यांचा आवाज तालमीत पहिल्यांदा बोलणाऱ्या पोरासारखा येत होता.

बाबांना मी घरी अर्धवटच सांगितलं होतं. सरांनी सगळं सांगितलं. खेळ, मोटर, तारा, बिस्किट. आईने पदर तोंडाला लावला. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पण ही बोलली ते बरोबर होतं का?"

"शंभर टक्के," सर म्हणाले. "साहेबच चुकले होते. पण मी तिला अर्धंच शिकवलं. चूक पकडायला शिकवली. कुणाची पकडायची आणि कुणाची पकडायची नाही, साहेब चुकला तर तेवढ्यापुरतं गप्प कसं बसायचं, हे शिकवायचं राहिलं. आता राहिलेत ते दिवस मी तिला तेवढं शिकवतो. अजून दोन कंपन्या यायच्या आहेत. तिचं होईल."

बाबा खोक्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नका शिकवू."

"अं?"

"ते शिकवू नका, साहेब. तुमचं चुकतंय." बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. "ते मला येतं. पहिल्या दिवसापासून येतं. तेवढ्यावर नोकरी झाली माझी. साहेब म्हणाले दिवस, तर दिवस. साहेब म्हणाले रात्र, तर रात्र. घर चाललं, पोरगी शिकली, तक्रार काही नाही. पण तिला नका शिकवू ते."

बाबा आईकडे वळले. "हिचं सामान वेगळं काढ. ही इथेच राहील."

"आणि नोकरी?" आईने विचारलं.

"लागेल तेव्हा लागेल."

"आणि मामाला काय सांगू?"

"कांद्याखालचा फोटो परत पाठवतोय म्हणावं," बाबा म्हणाले. म्हणजे तो त्यांनाही दिसला होता. मी आत स्वयंपाकघरात पळाले, कारण मला रडू आलं होतं आणि सरांसमोर रडायचं नव्हतं.

नोकरी मला लागली ती पुढच्या उन्हाळ्यात, मंडीदीपमधल्याच दुसऱ्या एका कारखान्यात. तिथल्या मुलाखतीत कोणीही काहीही चुकीचं बोललं नाही. त्यामुळे त्या मुलाखतीत सांगण्यासारखं काही नाही. सर आता मुलाकडे पुण्याला असतात. फोनवर अजूनही काहीतरी उलटसुलट बोलतात. पण आता वय झालंय, आणि खेळ कुठे संपतो आणि विसरणं कुठे सुरू होतं ते मला कळत नाही. मी प्रत्येक वेळी पकडते. त्यांना ते आवडतं.

त्या रविवारी चहा पिऊन सर निघाले, तेव्हा बाबा त्यांना सोडायला खाली गेले. मी गॅलरीतून बघत होते. सरांनी स्कूटरला किल्ली लावली, पण सुरू केली नाही. दोघं बराच वेळ बोलत उभे होते. मग सरांनी एकदम बाबांचा हात धरून हलवला, साहेब लोक आपसात हलवतात तसा, आणि गेले.

बाबा वर आले. मी विचारलं, "काय म्हणत होते सर?"

"काही नाही," बाबा खोक्याची दोरी सोडायला बसत म्हणाले. "विचारत होते, एवढ्या नोकरीत एकदा तरी कुठल्या साहेबाला तोंडावर म्हणालात का, की साहेब, तुमचं चुकतंय."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, एकदा म्हणालो." बाबांनी दोरीची गाठ सोडवली आणि पहिल्यांदा हसले. "म्हटलं, आत्ता वर. तुम्हालाच."